रंगाआधीची अंघोळ

अ‍ॅक्रिलिक शीटवर रंग टिकत नाही, अशी तक्रार गॅदरिंग आणि प्रोजेक्टच्या दिवसांत हमखास ऐकू येते. दोष रंगाचा की शीटचा? बहुतेक वेळा दोघांचाही नसतो. रंगाआधीच्या अर्ध्या तासात आपण काय करतो, यावर सगळं ठरतं.

रात्री एकपर्यंत जागून तुम्ही नेमप्लेट रंगवता. अक्षरं झकास, फोटो काढून ग्रुपवर टाकलेला, चाळीस हार्ट आलेले. दुसऱ्या दिवशी मित्र सहज कोपऱ्याला नख लावतो आणि रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून येतो. वर तोच विचारतो, ‘काय बे, कुठला रंग आणलास?’ मग आपण रंगाला शिव्या देतो, दुकानदाराला शिव्या देतो आणि पुढच्या वेळी महागातला रंग आणतो. तोही सुटतो.

हा प्रकार आता फक्त हौसेपुरता राहिलेला नाही. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरापासून मॉडेलपर्यंत सगळीकडे दुसरं काहीतरी शोधणं सुरू झालं. पुठ्ठा आला, कापड आलं, सन बोर्ड आला आणि अ‍ॅक्रिलिकही आलं. लेझर कटिंगवाला हवा तो आकार कापून देतो. त्यामुळे घरावरच्या पाट्या, ट्रॉफ्या, वाढदिवसाचे टॉपर, लग्नातले ‘स्वागतम्’ हे सगळं करून चार पैसे कमावणारी मुलंमुली आपल्या शहरात आहेत. अशा वेळी एका पाटीचा रंग सुटला की शीट, रंग आणि वेळ तर जातोच. पण त्या गिऱ्हाईकाची पुढची ऑर्डरही जाते. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

काचेसारखं, पण काच नव्हे

अ‍ॅक्रिलिकचं पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. केमिस्ट्रीवाल्यांसाठी पीएमएमए. जर्मनीत ऑटो रोहम यांच्या कंपनीने 1933 मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘पर्स्पेक्स’ आलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर हेच पारदर्शक छत असायचं. जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत या छताचे कण राहिले तरी डोळा त्यांना फारसा विरोध करत नाही, हे लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. त्यातूनच 1949 मध्ये त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात अ‍ॅक्रिलिकचं भिंग बसवलं. आजीच्या डोळ्यात बसवतात त्या भिंगाची सुरुवात इथून झाली.

अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार जातो. वजन काचेच्या निम्म्याहून कमी. म्हणजे दिसायला काच, उचलायला हलकं. गडबड इथेच होते, कारण दिसतं काचेसारखं म्हणून आपण त्याला काचेसारखंच वागवतो. काचेवर थिनर ओता, काही होत नाही. काच सुक्या कागदाने खसाखसा पुसा, ओरखडा येत नाही. अ‍ॅक्रिलिकला यातलं काहीच चालत नाही. ते काचेपेक्षा खूप मऊ आहे आणि कितीतरी रसायनांना घाबरतं.

एक गोष्ट मात्र अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने सांगायला हवी. रंगाच्या बाबतीत ते सगळ्यात हट्टी प्लॅस्टिक नव्हे. बादल्या, डबे ज्याचे बनतात त्या पॉलिप्रॉपिलीनवर किंवा पॉलिथीनवर रंग बसवणं जास्त कठीण. अ‍ॅक्रिलिकवर रंग बसतो, फक्त त्याच्या आणि रंगाच्या मध्ये दुसरं काही असता कामा नये. तेल नको, धूळ नको, डिंक नको, बोटाचा ठसासुद्धा नको.

काउंटरवरच्या पडद्यांनी शिकवलेला धडा

2020 आठवा. मेडिकल, बँक, किराणा, जिकडे तिकडे काउंटरवर पारदर्शक पडदे उभे राहिले. त्यातले बरेच अ‍ॅक्रिलिकचे होते. लोकांनी ते दिवसातून चारदा सॅनिटायझर मारून पुसले. काही महिन्यांनी अशा कित्येक पडद्यांच्या कडांना, स्क्रूच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या. पडदा कोणी आपटला नव्हता की वाकवला नव्हता. मग चिरा कशाच्या?

शीट कापताना, वाकवताना, भोक पाडताना तिच्या आत ताण अडकून राहतो. लेझरने कापलेल्या कडेला तर उष्णतेमुळे हा ताण जास्तच असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. अशा जागी अल्कोहोल किंवा थिनर पोचला की तो प्लॅस्टिकच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतो आणि अडकलेला ताण चिरांच्या रूपाने बाहेर पडतो. कधी दोन मिनिटांत, कधी दोन दिवसांनी. इंजिनीअरिंगवाले याला क्रेझिंग म्हणतात. एकदा आलेली चीर पुसून जात नाही. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत कापलेले तुकडे साधारण 80 अंश सेल्सिअसला काही तास ठेवून हळूहळू थंड करतात, म्हणजे ताण निघून जातो. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका. अ‍ॅक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि घरच्या ओव्हनचा काटा इतका भरवशाचा नसतो.

म्हणून शीट साफ करायला या गोष्टी अजिबात नकोत: थिनर, अ‍ॅसिटोन, म्हणजेच बहुतेक नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, सॅनिटायझर आणि काच पुसायचा स्प्रे. त्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा अमोनिया किंवा अल्कोहोल असतं. पटत नसेल तर अ‍ॅक्रिलिकचं काम करणाऱ्या एखाद्या कारागिराला विचारा, दोन तुकडे कशाने जोडता? बरेच जण क्लोरोफॉर्मचं नाव घेतील. तो प्लॅस्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन कडा एकजीव होतात. जे द्रव अ‍ॅक्रिलिकला विरघळवून जोडू शकतात, त्यांच्या नात्यातलं काही घेऊन आपण ते ‘स्वच्छ’ करायला निघालो, तर काय होणार? (क्लोरोफॉर्मची वाफ घातक असते. ते काम कारागिरांवरच सोडा.)

शीट घेतानाच एक प्रश्न विचारा: कास्ट की एक्स्ट्रूडेड? कास्ट शीट साच्यात ओतून बनते, थोडी महाग पडते. पण रसायनं आणि लेझर जास्त सोसते. एक्स्ट्रूडेड शीट यंत्रातून दाबून काढतात. ती स्वस्त असते, पण चिरा पडायला जास्त तयार. रंगकामासाठी परवडत असेल तर कास्टच घ्या. लेझरवाल्याकडे कास्टचे उरलेले तुकडे पडलेले असतात, सरावासाठी तेही चालतात.

अंघोळ कशी घालायची?

पहिला नियम: शीटवरचा कागद किंवा फिल्म शेवटपर्यंत काढू नका. डिझाइन, मापं, कापणी सगळं तो असतानाच करा. कामाला बसायच्या वेळी एका कोपऱ्यातून धरून हळूहळू सोला. शीट महिनाभर गच्चीवर उन्हात पडली असेल तर हा कागद चिकटून बसतो आणि डिंकाचे पट्टे मागे राहतात. ब्लेडने खरवडू नका. बोटावर थोडं खोबरेल तेल घेऊन डिंकावर हळूच गोल फिरवा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग मऊ कापडाने पुसा. आता डिंक गेला. पण तेल आलं. म्हणून पुढची धुणी एकदा नाही, दोनदा.

दुसरी पायरी पाण्याची. कोरड्या शीटवर कापड फिरवायचं नाही. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि कापडाखाली सापडलेला एकेक कण पॉलिश पेपरचं काम करतो. आधी शीटवरून पाणी सोडा, सुटी धूळ वाहून जाऊ द्या. नळाला रोज पाणी येत नसेल तर दोन मग पुरतात, फक्त ते वरून खाली वाहतं ठेवा.

तिसरी पायरी साबणाची. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा आणि तळहाताने किंवा मऊ ओल्या कापडाने दोन्ही बाजू व कडा धुवा. तारेची घासणी, स्क्रबरची हिरवी बाजू, भांड्यांची पावडर यांना इथे प्रवेश नाही. सोलापूरकराच्या घरात टॉवेलला तोटा नाही. पण कोरा टेरी टॉवेल इथे घेऊ नका, त्याचं सूत शीटवर राहतं. शंभर वेळा धुतलेलं जुनं बनियन सगळ्यात बेस्ट. मायक्रोफायबरचं स्वच्छ कापड असेल तर तेही चालेल.

चौथी पायरी: साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. साबणाचा थर राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते वाळल्यावर पांढरे डाग पडतात. ते क्षार असतात आणि त्यांच्यावर रंग नीट बसत नाही. म्हणून शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. मग शीट घासून न पुसता कापडाने टिपून घ्या आणि सावलीत उभी करून वाळू द्या. पेपरने काच पुसायची आपली घरगुती सवय इथे मोडा. हा पेपर वाचायला आहे. त्याने अ‍ॅक्रिलिक पुसलं तर ओरखडे येतील.

पाचवी पायरी सगळ्यात सोपी, आणि तीच सगळ्यात जास्त चुकते. धुतल्यानंतर शीटच्या तोंडावर हात लावायचा नाही. कडेने धरा, किंवा पातळ हातमोजे घाला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन उठलेल्या हाताला कितीही पुसलं तरी तेल राहतंच. हेअर सीरम आणि हँड क्रीम तर त्याहून वाईट. त्यातल्या बऱ्याच उत्पादनांत सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनच्या ठिपक्यावर रंग पडला की तो आपोआप बाजूला सरकतो, मध्ये गोल खळगा उरतो. पेंटर लोक त्याला ‘फिश आय’ म्हणतात. असे माशाचे डोळे दिसले तर वरून आणखी रंग मारून उपयोग नाही. रंग उतरवून पुन्हा धुण्यापासून सुरुवात.

घासायचं की नाही?

हे रंग कुठून बघणार यावर अवलंबून आहे. रंग ज्या बाजूने दिलाय त्याच बाजूने दिसणार असेल आणि शीट आरपार दिसायची गरज नसेल, तर खुशाल घासा. 600 नंबरचा वॉटर पेपर घ्या, पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवा. चकाकी जाऊन शीट दुधाळ दिसायला लागली की थांबा. या बारीक ओरखड्यांत रंगाला पाय रोवायला जागा मिळते. मग पांढरी भुकटी धुऊन काढा, म्हणजे तिसऱ्या पायरीपासून पुन्हा एकदा.

टिनावर पाट्या रंगवणारे जुने पेंटर हेच करायचे. पत्रा घासायचा, धुवायचा, प्रायमर द्यायचा, मग खडूचा दोरा ताणून रेघा आखायच्या आणि शेवटी अक्षराला हात. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. फ्लेक्स आल्यावर आपण ती तयारीची शिस्त विसरलो, कारण छापील फ्लेक्सला ती लागतच नाही. अ‍ॅक्रिलिकला लागते.

मात्र पाटी मागून रंगवून पुढून बघायची असेल, म्हणजे चकचकीत पृष्ठभागाच्या आत रंग दिसायला हवा असेल, तर घासू नका. ओरखडे पुढून धुक्यासारखे दिसू शकतात. तिथे फक्त धुणं, आणि तेही काटेकोर.

उलट रंगवायची गंमत

मागून रंगवायची ही युक्ती आजची नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली जुनी चित्रं आहेत. साध्या चित्रात आधी पार्श्वभूमी, मग आकार, शेवटी डोळ्यातली चमक. काचेमागच्या चित्रात सगळं उलटं. आधी डोळ्यातली चमक, दागिन्याचा मोती, बाह्यरेषा. मग त्यांच्या मागे चेहऱ्याचा रंग आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात.

अशा कामात बघणाऱ्याला दिसतो तो तुमचा पहिला थर. त्याच्याखाली राहिलेला केस, सुताचा तंतू, अंगठ्याचा ठसा कायमचा चित्रात जातो, वरून झाकायची सोय नाही. म्हणून आधी धुणं. फायदाही मोठा आहे: पुढून पाऊस, धूळ, हात लागणार ते शीटला. रंग मागे सुरक्षित.

धूळ येते कुठून?

शीट लख्ख धुतली, वाळवली, कापडाने एकदा शेवटचं पुसून घेतली आणि पाच मिनिटांत तिच्यावर पुन्हा धूळ! फुग्याला केसांवर घासून भिंतीला चिकटवायचा खेळ आठवतो? तेच इथे होतं. सुक्या कापडाने घासल्यावर अ‍ॅक्रिलिकवर विद्युतभार साचतो आणि तो हवेतली धूळ, सूत, केस ओढून घेतो. हवा कोरडी असेल तितका तो जास्त वेळ टिकतो. आपल्याकडे फेब्रुवारी ते मेपर्यंत हवा किती कोरडी असते, हे वेगळं सांगायला नको. फिल्म झटक्यात ओढून काढली तरी असाच भार तयार होतो. म्हणून ती हळू सोलायची.

उपाय साधा आहे. रंगाच्या आधी शेवटचा हात ओलसर, घट्ट पिळलेल्या कापडाचा, तोही एकाच दिशेने, न दाबता. खोलीत पंखा बंद. फरशीवर पाण्याचा हलका शिडकावा मारा, म्हणजे धूळ बसते आणि हवेत थोडा ओलावाही येतो. शीटखाली काही अंथरायचं असेल तर नुकती धुतलेली चादर अंथरा. चादर सोलापुरी असली तरी आधी झटकायला विसरू नका.

आता रंग

नावात फसू नका. ‘अ‍ॅक्रिलिक कलर’ अ‍ॅक्रिलिक शीटला आपोआप चिकटतो असं नाही. चित्रकलेच्या ट्यूबमधला रंग पाण्यात मिसळणारा असतो. घासलेल्या, स्वच्छ शीटवर तो बरा धरतो, गुळगुळीत शीटवर नखाने निघू शकतो. प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर दिला तर पकड वाढते. स्प्रेच्या रंगात सॉल्व्हंट असतो, त्यामुळे पकड चांगली. पण जाड मारला तर चिरांची भीती. डब्यावर प्लॅस्टिकला चालतो असं लिहिलंय का ते वाचा, साधारण एक फुटावरून पातळ थर द्या आणि दोन थरांमध्ये वाळायला वेळ द्या. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर केव्हाही भारी.

वेळ निवडा सकाळची, जागा सावलीची. उन्हात तापलेल्या शीटवर रंग पसरायच्या आधीच वाळतो. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या जवळजवळ आठपट प्रसरण पावतं. एक मीटर लांबीची पाटी 30 अंशांनी तापली की सुमारे दोन मिलिमीटर वाढते आणि रात्री पुन्हा आक्रसते. एप्रिलमध्ये भिंतीवरची पाटी रोज हा व्यायाम करते. स्क्रूची भोकं थोडी मोठी ठेवा. नाही तर तिथूनच तडा जाईल.

स्प्रे बंद खोलीत नको. धुळीसाठी घालतो तो साधा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. गच्ची किंवा अंगण बघा, आसपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको. होस्टेलच्या खोलीत स्प्रे मारून दार लावून झोपणाऱ्या पार्टनरला उठवा आणि बाहेर काढा. डोकं दुखणं, गरगरणं ही त्या वाफेचीच लक्षणं आहेत.

चार तुकड्यांची परीक्षा

यातलं काहीही आमच्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. लेझरवाल्याकडून एकाच शीटचे तळहाताएवढे चार तुकडे आणा. पहिला तसाच, हात लावलेला. दुसरा फक्त सुक्या कापडाने पुसलेला. तिसरा साबणाने नीट धुतलेला. चौथा धुऊन, 600 नंबरने घासून, पुन्हा धुतलेला. मागे मार्करने नंबर घाला. चौघांना एकाच डब्यातला रंग, सारखेच थर आणि पूर्ण एक दिवस वाळायला.

मग धारदार कटरने रंगावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारा, दोन रेघांत दोन मिलिमीटर अंतर ठेवून. पंचवीस चौकोनांची जाळी तयार होईल. तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका दमात ओढा. किती चौकोन उरले ते मोजा. कारखान्यांत रंगाची पकड याच पद्धतीने तपासतात, त्याला क्रॉसकट चाचणी म्हणतात.

चारही तुकड्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा, सोबत रंगाचं नाव आणि तारीख. नवा रंग आणला की नवे तुकडे, नवी जाळी. गिऱ्हाईकाने ‘टिकेल ना?’ असं विचारलं तर ती वही आणि चौथा तुकडा त्याच्या हातात द्या, आणि त्यालाच नख लावून बघायला सांगा.